जुन्या पावसाचा बगीचा

माझं माहेर पांढुर्ण्याचं आणि सासर सौसरजवळच्या एका गावात. दोन्हीकडची नदी एकच. जाम नदी पांढुर्ण्याला भेटून खाली आमच्याकडे येते आणि पुढे कन्हानला मिळते. लग्न झालं तेव्हा मला याचं फार अप्रूप वाटलं होतं. आपण काही परक्या मुलखात आलो नाही, आपल्या घाटावरचं पाणी आपल्याआधीच इथं येऊन बसलंय, असं वाटायचं. माझ्या मोठ्या जाऊबाईंना मात्र या नात्याचं तेवढं कौतुक नव्हतं. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत वर पांढुर्ण्याकडे ज्याच्या-त्याच्या विहिरीवर मोटार बसली, नदीकाठी इंजिनं लागली, आणि आमच्याकडे नदी होळीच्या आतच थांबायला लागली. मग जाऊबाई मला टोमणा मारायच्या, "तुह्या माहेरचे लोक नदी पिऊन राहिले व." मी तरी कुठं गप्प बसणारी? मी म्हणे, मोहगावचे काय कमी पितात? त्यांचं माहेर मोहगावचं.

त्यांना मी माई म्हणत असे. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. उंच, सडसडीत, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, आणि चालणं असं की सोबत चालणाऱ्याला धापच लागावी. माझे जेठ, म्हणजे माईंचे मालक, मी लग्न होऊन येण्याआधीच वारले होते. त्यांना मी कधी पाहिलं नाही. त्यांनी लावलेला संत्र्याचा बगीचा तेवढा पाहिला, आणि तो माईंनी कसा सांभाळला ते पाहिलं. घरात म्हातारं माणूस कोणी उरलं नव्हतं. माझे मालक सौसरला नोकरीवर, सायकलनं जायचे, सायकलनं यायचे, त्यामुळे वावर म्हणजे माई आणि माई म्हणजे वावर. मी शहरातून आलेली. पांढुर्णा काही मोठं शहर नाही, पण मला तेव्हा तसा ठसका होता. पहिल्या वर्षी मी बगीच्यात चप्पल घालून गेले तर माई नुसत्या माझ्या पायांकडे पाहून हसल्या. दुसऱ्या दिवसापासून मी अनवाणी. मला त्यांचा राग यायचा, आणि त्यांच्यासारखं व्हावंसंही वाटायचं.

आता खरी गोष्ट काय होती ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. माझ्या मालकांचं म्हणणं, हा बगीचा आता परवडत नाही. पाणी पुरत नाही, झाडं म्हातारी होत चालली, तर काढून टाकू आणि कापूस लावू. कापसाला पावसाचं पाणी पुरतं, रात्रंदिवस विहिरीत डोकावत बसावं लागत नाही. त्यांचं चूक होतं असं मी कधीच म्हणणार नाही. दोन सालं बहार नीट धरला नव्हता. शेवटी एका संध्याकाळी ओट्यावर दीर-भावजयीत ठरलं. माईंनी एक साल मागून घेतलं. यंदा मिरगाचा बहार आला तर बगीचा राहील, नाही आला तर पावसाळ्यात झाडं तोडून वावर मोकळं. माई "हाव" म्हणाल्या आणि आत येऊन ज्वारीचं पीठ मळायला बसल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांनी मान वर केली नाही.

संत्र्याचा मिरगाचा बहार कसा घेतात ते ज्याच्या घरी बगीचा नाही त्याला खरं वाटत नाही. ऐन उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडायचं. दीड-दोन महिने थेंब नाही. याला आमच्याकडे ताण देणं म्हणतात. पानं मिटतात, पिवळी पडतात, गळायला लागतात. नवख्या माणसाला वाटतं झाड मेलं. मलाही पहिल्या साली तसंच वाटलं होतं, आणि मी माईंच्या नकळत घागरभर पाणी नेऊन एका झाडाला ओतणार, तेवढ्यात त्यांनी माझ्या हातातून घागर घेतली. उपाशी ठेवलेलं झाड घाबरतं, आणि मिरगाचा पाऊस पडला की सगळा जीव एकदम फुलात ओततं. पाऊस पडला की शेतकऱ्यानं त्याला हातभार लावायचा. आळ्यात शेणखत टाकायचं, आणि विहिरीत जे शिल्लक असेल ते एकदा भरपूर सोडायचं, म्हणजे सगळी झाडं एकाच वेळी फुटतात. मागून पाऊस येतच राहतो, विहीर भरते, सगळं सुरळीत. आमचे सगळे लोक असंच करत आले होते. या सगळ्या कामाचा मालक पाऊस होता, आम्ही त्याचे गडी.

आणि पाऊसच बिघडत चालला होता. आता लोक त्याला हवामानबदल म्हणतात, रेडिओवर सांगतात, मोठमोठी माणसं त्यावर बोलतात. तेव्हा आमच्याकडे तसा शब्द नव्हता. आम्ही म्हणायचो, पाऊस येडा झाला. यायच्या वेळी यायचा नाही. आला तर एका दिवसात असा कोसळायचा की बांध फोडून माती घेऊन नदीत जायचा, नदी दोन दिवस लाल वाहायची आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा गुडघ्याखाली. जमिनीत मुरायला त्याला सवडच नव्हती. माई म्हणायच्या, पूर्वी झडी लागायची, आठ-आठ दिवस लाकूड पेटत नसे, आता झडी कुठं गेली कोण जाणे. नदीच्या रेतीत बाया पिण्याच्या पाण्यासाठी झिरे खोदतात. मी आले त्या साली कोपरभर खड्ड्यात पाणी लागे. पुढे पुढे बाई खड्ड्यात उतरून बसायची आणि दुसरी वरून घागर धरायची.

मागून घेतलेल्या त्या साली माईंनी चैत्रातच पाणी तोडलं. बगीचा चांगला ताणावर आला. त्या रोज सकाळी एक चक्कर मारत, पान चुरगाळून बघत आणि परत येत. आणि वैशाखात, मिरगाला चांगले तीनेक आठवडे असताना, एका दुपारी उत्तरेकडून ढग आले. आधी धूळ, मग बोराएवढ्या गारा, मग पाऊस. असातसा नाही, आळी तुडुंब भरून वाहिली. सगळं गाव बाहेर आलं. उकाड्यानं जीव नकोसा झाला होता, पोट्टे गारा खात नाचत होते, आणि मीही नाचले, खोटं कशाला सांगू.

माईसुद्धा फसल्या. आयुष्यभर जे केलं तेच त्यांच्या हातांनी केलं. ताण तुटला तो तुटलाच, आता झाड फुटणारच, तर नीट फुटू दे, असं म्हणून त्यांनी दुसऱ्याच दिवशी खत टाकलं आणि मोटार सुरू करून विहिरीत होतं नव्हतं ते सगळं पाणी बगीच्याला सोडलं. गावातल्या साऱ्याच बगीचेवाल्यांनी तेच केलं. मोटारींचा आवाज दोन दिवस थांबला नाही. कुणालाच वाटलं नाही की हा पाऊस मिरगाचा नाही, नुसता वाट चुकून आलेला आहे. आमच्या लोकांशिवाय दुसऱ्या कोणी अशी चूक केलीच नसती. दुसऱ्यानं पाऊस पाहून मोटार बंद केली असती, आम्ही पाऊस पाहून मोटार सुरू केली.

बगीचा फुलला. असा फुलला की सांगायची सोय नाही. रस्त्यावरून जाणारी एस.टी. हळू व्हायची, खिडकीतून लोक वाकून वास घ्यायचे. माझे मालक सायकल वावराच्या बांधाला, धुऱ्याशी टेकवून किती तरी वेळ उभे राहिले आणि घरी आल्यावर म्हणाले, वहिनी, जिंकल्या तुम्ही. माई हसल्या. ते त्यांचं त्या उन्हाळ्यातलं शेवटचं हसणं असावं. मला इतका आनंद झाला होता की मी त्या दिवशी पुरण घातलं, सण ना वार.

मग ऊन परत आलं. आधीपेक्षा कडक. पावसानं जमीन वरवर भिजली होती, आठवड्यात ती भाजून भेगाळली. फुलं गळून ज्वारीच्या दाण्याएवढी हिरवी फळं धरली आणि ती पाणी मागू लागली. विहिरीत पाणी किती, तर खालचा खडक दिसे, आणि कपारीतून झिरपून रात्रभरात जे साचे ते सकाळी वस्तीतल्या बाया पिण्यासाठी नेत. नदीचे झिरे आटले, तेव्हा माईंनी स्वतः जाऊन वस्तीत सांगितलं होतं, आमच्या विहिरीवर या. बौद्ध वस्ती होती ती. तिथल्या बायाच आमच्याकडे निंदणाला आणि संत्रा तोडायला यायच्या. त्यांच्यात एक मावशी होत्या, माईंच्या जुन्या सोबतीण, तोंडानं फटकळ, हातानं झपाट्याच्या. त्या विहिरीवर आल्या की आधी वाकून पाणी बघायच्या आणि मग माईंकडे बघायच्या. दोघी बोलायच्या मात्र भलतंच काही, कोणाच्या पोरीला कुठलं स्थळ आलं वगैरे.

मिरग लागला. आभाळ कोरडं. माझे मालक म्हणाले, पांढुर्ण्याकडे पाऊस झाला असेल तर नदीला पाणी येईल. मी म्हटलं मी जाऊन बघते, चार दिवस माहेरीही राहीन. माई म्हणाल्या, मी बी येतो. त्या कधी कुठं जायच्या नाहीत, म्हणून मला नवल वाटलं. माझ्या मनात आलं, या आता माझ्या भावाशी भांडणार. भावानं नदीकाठी इंजिन बसवलं होतं हे त्यांना माहीत होतं. बसमध्ये मी सारा वेळ तेच योजत होते की कोणाची बाजू घ्यायची. पण तिथं पोचलो तर नदीत नुसते गोटे. भावाचं इंजिन पोत्यानं झाकून ठेवलेलं, आणि त्याचा बगीचा आमच्यापेक्षा वाईट, फुलल्यावर सुकलेला. माझा भाऊ माईंसमोर उभा राहून पोरासारखा रडवेला झाला. माई त्याला एक शब्द लागेल असा बोलल्या नाहीत. उलट त्याच्या झाडाची फांदी वाकवून बघितली, नखानं साल खरवडली, आत कोरडं लागलं. परतीच्या बसमध्ये मला म्हणाल्या, तुह्या भावाचा काही दोष नाही व, वरूनच नाही आलं तं तो तरी काय पिणार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं मला टोमणे मारणारी बाई, आणि ऐन जिवावर आलं तेव्हा तिनं माझ्या माहेराला मोकळं केलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांनी मावशींना निरोप धाडला की पाच-सहा बाया घेऊन या. आम्हाला वाटलं घागरींनी पाणी घालायचं असेल. बाया जमल्या तेव्हा माईंनी काम सांगितलं. झाडावरचं सगळं फळ ओरबाडून खाली पाडायचं. एकही ठेवायचं नाही.

मला तर वाटलं माईंना ऊन लागलं. हे फळ म्हणजे त्यांचं मागून घेतलेलं साल होतं. ते फळ गेलं की बगीचा गेला, हे घरातल्या भांड्यांनाही माहीत होतं. मावशींनीच तोंड उघडलं. "माई, फळ तुम्ही पाडून टाकसान तं हिवाळ्यात आमच्या हाताले काय काम?"

माई म्हणाल्या, "फळ ठेवलं तं झाड मरते, मावशी. एवढ्या पाण्यात एकच जगते. झाड राहिलं तं पुढच्या हिवाळ्यात काम हाय. झाड गेलं तं कधीच नाही."

मावशींनी पदर खोचला आणि पहिल्या झाडाला हात घातला. त्यांच्यामागून सगळ्या. मीही. ते हिरवे दाणे पायाखाली चरचर वाजत होते आणि हाताला संत्र्याच्या सालीचा वास लागत होता, जो खरं तर पुढं आठ महिन्यांनी लागायचा. मी रडत होते आणि ओरबाडत होते. माईंनी त्या दिवशी सगळ्यांच्या दुप्पट झाडं केली असतील. काट्यांनी हात रक्तबंबाळ, पण थांबल्या नाहीत.

त्यानंतर घरातल्या साऱ्या पऱ्हाट्या बगीच्यात गेल्या. कपाशीच्या वाळक्या काड्या त्या, आमचं वर्षाचं सरपण. माईंनी त्या प्रत्येक आळ्यात अंथरल्या, म्हणजे ऊन जमिनीला लागू नये. मी कटकट केली की आता चूल कशावर पेटवू, तुमच्या बोलण्यावर? माई म्हणाल्या, पेटते का बघ. मग आम्ही शेण्या-पाल्यावर स्वयंपाक केला, डोळे चुरचुरले, भाकरी धुरकट झाल्या, आणि माझे मालक मुकाट्यानं खात राहिले. सकाळी वस्तीचं पाणी भरून झालं की उरेल तेवढं माई घागरीनं झाडांना घालायच्या, आज ही ओळ, उद्या ती. झाडाला पोटभर नाही, नुसता घसा ओला व्हावा एवढं. गावात लोक हसायचे. त्यांची फळं अजून झाडावर होती, रोज थोडी थोडी मोठी होत होती, आणि आमची झाडं बोडकी. लोक माझ्या मालकांना विचारायचे, वहिनीची तब्येत बरी हाय ना? ते मान हलवून सायकल पुढं काढायचे. मला त्या लोकांचा असा संताप यायचा की मी एकीला विहिरीवर सुनावलंच, आमच्या माईंची तब्येत पाहायची तर आधी आपल्या विहिरीत वाकून पाहा.

पाऊस आला तो आषाढ सरता सरता. तोवर गावातले बगीचे एकामागून एक गेले. आधी फळं सुरकुतली, मग शेंडे वाळले, मग सालच फाटली. ज्यांच्याकडे फळ टिकलं त्यांचंही झाड टिकलं नाही. आमचा बगीचा तेवढा उभा होता. मरतुकडा, पानं विरळ, पण नखानं खरवडलं तर आत हिरवा. पावसानंतर पंधरवड्यात पालवी आली. मी दर सकाळी जाऊन बघायचे आणि माझी छाती अभिमानानं भरून यायची. वाटायचं, अख्ख्या गावाला ओरडून सांगावं, बघा आमच्या बाईनं काय केलं ते.

एका रविवारी माझे मालक दोन लाकूडतोड्यांना घेऊन बगीच्यात आले. मी घरून पाणी घेऊन गेले ती धावतच. ठरलं होतं तसं ठरलं होतं, बहार नव्हता. पण माणूस वाईट नव्हता माझा. ते पालवीकडे बघत ओळीओळींतून फिरले, परत आले, आणि माईंना म्हणाले, "वहिनी, राहू द्या. अख्ख्या गावात हाच एक उरला. मी माझा शब्द मागं घेतो." लाकूडतोडे माघारी जायला वळले. मी देवाला हात जोडले.

माई म्हणाल्या, "थांबा."

मग त्या दिराला विहिरीवर घेऊन गेल्या. पावसाचं पाणी आलं होतं, पण पूर्वी श्रावणाच्या तोंडाशी हात घालून घागर बुडवता येई, तसं नव्हतं. माई म्हणाल्या, "भाऊजी, हा बगीचा जुन्या पावसाचा होता. तो पाऊस आता येत नाही. ही विहीर अर्ध्याच झाडांची हाय. अर्धी तोडा."

मी म्हटलं, माई, ते तर ठेवा म्हणून राहिले, तुम्हीच कशाला? त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कोणती तोडायची ते त्यांचं आधीच ठरलेलं होतं. धुऱ्याकडच्या चढावरची, मुरमाड जमिनीवरची. तिथं पाणी थांबत नाही, सगळ्यात जास्त तीच पितात. माझे मालक घुटमळले आणि हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, त्या तर दादाच्या ओळी. त्यानं पहिल्यांदा लावलेल्या."

"हाव," माई म्हणाल्या. "ते असते तं त्यांनी बी ह्याच तोडल्या असत्या."

पहिला घाव पडला तसा मी तोंड फिरवून घेतलं. माई तिथंच उभ्या राहिल्या, शेवटची ओळ पडेपर्यंत, आणि लाकूडतोड्यांना सांगत राहिल्या की झाड इकडं नको, तिकडं पाडा, खालच्या झाडांच्या फांद्या मोडतील. त्यांच्या आवाजात काही फरक नव्हता. जेठ असते तर त्यांनीही तेच केलं असतं का, मला माहीत नाही. मी त्यांना पाहिलं नाही. पण ज्यांनी पाहिलं ते सगळे सांगतात की माणूस झाडांच्या बाबतीत फार हळवा होता, वाळली फांदी छाटतानाही त्याचा हात थांबायचा. मला वाटतं, त्यांना ते जमलं नसतं. माईंना जमलं.